प्लॉटवरची पाटी

जयपूरच्या जगतपुरा, प्रतापनगर, मानसरोवर या भागांतून हिंडताना दोन बांधलेल्या घरांच्या मध्ये एखादा रिकामा प्लॉट हमखास दिसतो. कंबरभर भिंत, गंजलेलं फाटक, आत विलायती बाभळीची झुडपं आणि त्यांच्या मागे कुठेतरी एक पाटी. अमेरिकेत घरापुढच्या हिरवळीत तारेच्या दोन पायांवर खोचलेली, १८ बाय २४ इंचांची पन्हळी प्लास्टिकची पाटी असते. तिथे अंगण रस्त्याला उघडं असतं. आपल्याकडे जागा भिंतीच्या आत आणि पाटी वाचणारा भिंतीच्या बाहेर. शिवाय जयपूरला मे महिन्यातलं ऊन आणि पावसाआधीची आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, ती चिमुकली पाटी आठवडाभरही टिकू देणार नाही. म्हणून इथली पाटी इथल्याच हिशेबानं करावी लागते.

माझे काका नोकरीनिमित्त अनेक वर्षं जयपूरला होते. तिथे त्यांनी २०० गजांचा प्लॉट घेतला आणि निवृत्त झाल्यावर ते पुण्याला आले. तो प्लॉट विकायचं ठरलं तेव्हा पाटीचं काम माझ्याकडे आलं, कारण मांडणी आणि अक्षरजुळणी हाच माझा व्यवसाय. पहिली पाटी मी पुण्यात बसून केली. फ्लेक्सवर अकरा ओळी, क्षेत्रफळ चौरस फुटांत, फोन नंबर तळाशी. गुंडाळी करून ती पाठवली, शेजाऱ्यांनी भिंतीवर बांधली. चार महिन्यांत एकही फोन आला नाही. मग मी स्वतः गेले आणि तिथल्या एका जुन्या पेंटर उस्तादांबरोबर दुसरी पाटी केली. त्यांनी ब्रश हातात घेण्याआधी मला रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि विचारलं, "मैडम, पढ़ेगा कौन, और कितनी रफ़्तार में?" पुढची सगळी कृती या एका प्रश्नाच्या पोटात आहे.

पहिली पायरी: कागद

पाटीवर जे लिहायचं त्याचा आधार घरातल्या कागदांत हवा. सातबाऱ्याची सवय असलेल्या मराठी माणसाला जयपूरमध्ये नवी भाषा शिकावी लागते, आणि त्या भाषेतला मुख्य शब्द आहे 'पट्टा'. जेडीए, म्हणजे १९८२च्या कायद्याने आलेलं जयपूर विकास प्राधिकरण, त्याने दिलेला पट्टा वेगळा. गृहनिर्माण सोसायटीने दिलेला पट्टा वेगळा. मानसरोवरसारखी वसाहत राजस्थान हाउसिंग बोर्डाची, तिथले वाटपाचे कागद आणखी वेगळे. शेतजमिनीवर वसवलेल्या वसाहतींबाबत लोक '९०-ए झालं का?' असं विचारतात. हे राजस्थान जमीन महसूल कायद्यातलं, शेतजमीन बिगरशेती वापरासाठी देण्याचं कलम. वसाहतीचा नकाशा मंजूर असणं आणि त्या विशिष्ट प्लॉटचा पट्टा हातात असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. 'जेडीए अप्रूव्ड' हे शब्द या दोहोंमधला फरक झाकून टाकतात, म्हणून ते पाटीवर लिहू नयेत. पट्टा जेडीएचा असेल तर 'जेडीए पट्टा' लिहावं, सोसायटीचा असेल तर 'सोसायटी पट्टा' लिहावं. दुसरं लिहायला मन कचरतं, पण तो प्रश्न पहिल्याच फोनवर येणार असतो.

मालक एकाहून अधिक असतील तर सगळ्यांची लेखी संमती आधी घ्यावी. भावांमध्ये बोलणं न होता लागलेली पाटी विक्रीपेक्षा भांडण लवकर घडवते.

विकणारा कोण आहे यावरही मजकूर बदलतो. स्वतःचा एकुलता प्लॉट किंवा घर पुन्हा विकणाऱ्या मालकाला रेराची, म्हणजे स्थावर संपदा कायद्याखालची, प्रकल्प नोंदणी लागत नाही. प्लॉट पाडून विकणाऱ्या विकसकाची गोष्ट निराळी. २०१६च्या रेरा कायद्यात जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातल्या प्रसिद्धीला लागू होते, तेव्हा पत्र्याची पाटीही जाहिरातच. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे ५९८ गजांपेक्षा जास्त असेल, तर कलम ३ प्रमाणे नोंदणीआधी पाटी लावताच येत नाही. नोंदणीनंतर कलम ११ प्रमाणे नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यावा लागतो. राजस्थानात प्रकल्पाचा क्रमांक 'आरएजे/पी' ने आणि एजंटचा 'आरएजे/ए' ने सुरू होतो. नोंदणी न करणाऱ्या विकसकाला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड आहे. पाटीवरच्या खोट्या माहितीवर विसंबून कुणाचं नुकसान झालं तर कलम १२ प्रमाणे भरपाईही द्यावी लागते. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो रस्त्यावरच्या पाटीवर घालायचा तर एक अडाखा लक्षात ठेवावा: जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी कोडची बाजू. दोन मीटरवरून स्कॅन व्हायचा असेल तर २० सेंटिमीटर.

दुसरी पायरी: रस्ता मोजणं

हे काम प्लॉटवर उभं राहूनच होतं. फोटोवरून किंवा नकाशावरून होत नाही.

सकाळी नऊच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पंधरा-पंधरा मिनिटं रस्त्याच्या कडेला उभं राहा. कोण जातं ते पाहा. आमच्या ३० फुटी रस्त्यावर दुचाकी, भाजीचा ठेला, शाळेची व्हॅन आणि फिरायला निघालेले लोक. वेग साधारण ताशी २५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सात मीटर. चालत्या गाडीवरचा माणूस पाटीला तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त देत नाही. त्या वेळात तो पंचवीस मीटर पुढे सरकतो. म्हणजे निदान पंचवीस मीटरवरून त्याला पहिला शब्द वाचता यायला हवा.

पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब असा: दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. ऐंशी फुटांवरून, म्हणजे जवळपास पंचवीस मीटरवरून, सहज वाचायचं असेल तर आठ इंचांचं अक्षर. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची. वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचा उकार धरायचा नाही. रोमन लिपीच्या सवयीने बनवलेले तक्ते इथे फसवतात. त्यांच्या आठ इंचांत सगळं अक्षर बसतं, आपल्या आठ इंचांच्या वर-खाली आणखी दोन-तीन इंच लागतात.

मोठ्या रस्त्यावर हा हिशेब हाताबाहेर जातो. टोंक रोडवर किंवा अजमेर रोडवर ताशी ६० ने जाणारी गाडी चार सेकंदांत ६७ मीटर कापते. तिला वाचता येईल असं अक्षर जवळजवळ बावीस इंचांचं. तिथे एक शब्द आणि फोन नंबर, बाकी सगळं सोडून द्यावं.

रस्ता मोजताना आडवे येणारे अडथळेही टिपा: कडुनिंबाची खाली आलेली फांदी, विजेचा डीपी, दुपारी नेमकी समोर लागणारी व्हॅन. आमच्या प्लॉटपुढे रोज सकाळी दोन तास दुधाची गाडी उभी असायची आणि भिंतीवरची फ्लेक्सची पाटी तिच्या मागे पूर्ण झाकली जायची. पुण्यात बसून हे कळणं शक्यच नव्हतं.

तिसरी पायरी: शब्द

आपण मराठीत 'विकणे आहे' लिहितो. 'विकाऊ' हा शब्द आपल्याकडे माणसाच्या सचोटीवर डाग लावतो, म्हणून घरासाठी तो नको वाटतो. हिंदीत 'बिकाऊ' हा सरळ व्यवहाराचा शब्द आहे आणि जयपूरचा माणूस तो डोळ्याच्या कोपऱ्यातूनही ओळखतो. माझ्या पहिल्या पाटीवर मी 'बिक्री हेतु उपलब्ध' असं सभ्य काहीतरी लिहिलं होतं. उस्तादांनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाले, "इसमें बिकाऊ कहाँ लिखा है?"

क्षेत्रफळ गजांतच लिहावं. जयपूरमध्ये प्लॉट गजाने बोलला जातो, भावही गजाचाच. एक वर्ग गज म्हणजे नऊ चौरस फूट. आमचे २०० गज म्हणजे १८०० चौरस फूट, १६७ चौरस मीटर, आपल्या भाषेत पावणेदोन गुंठ्यांपेक्षा थोडे कमी. मी '१८०० वर्ग फीट' लिहिलं होतं, म्हणजे वाचणाऱ्याला चालत्या स्कूटरवर नवाने भागायला लावलं होतं.

दिशा लिहावी. सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये नव्या राजधानीची पायाभरणी केली आणि विद्याधर भट्टाचार्यांच्या मदतीने नगर चौकटींत आखलं, तेव्हापासून वास्तुशास्त्राचा विचार या शहराच्या आखणीतच आहे. प्लॉट पूर्वाभिमुख असेल तर 'पूर्वमुखी' हा एक शब्द पुष्कळ काम करतो. पश्चिममुखी किंवा दक्षिणमुखी असेल तर दिशा पाटीवर न लिहिता फोनवर खरी सांगावी.

जे डोळ्यांना दिसतं ते लिहू नये. प्लॉटवर उभ्या असलेल्या पाटीला 'प्लॉट' हा शब्द लागत नाही. कोपरा दिसतोच. बाग समोर असेल तर तीही दिसते. 'उत्तम लोकेशन', 'सुनहरा मौका' हे शब्द जागा खातात आणि कुणालाच काही सांगत नाहीत. भावही लिहू नये. भाव बदलतो आणि पाटी तशीच राहते, मग पहिल्याच बोलण्यात आपण खोटे ठरतो. 'दलाल क्षमा करें' हेही मी टाळेन. वसाहतीतले दलाल रोज त्याच गल्ल्यांतून फिरतात, त्यांच्याशी काय ठरवायचं ते फोनवर ठरवता येतं.

घर भाड्याने द्यायचं असेल तर 'किराये के लिए खाली' एवढं पुरे. पुढे खोल्या किती आणि मजला कोणता. जात, धर्म, खाणंपिणं, 'केवल परिवार' अशा अटी लोक पाटीवर रंगवतात. त्या लिहू नका. ती पाटी रोज शाळेत जाणारी मुलंही वाचतात आणि कामासाठी नव्या शहरात आलेली एकटी मुलगीही वाचते. आपल्या भिंतीवरून कुणाला दारातूनच परतवणं मला पटत नाही.

शेवटी आमच्याकडे चार ओळी उरल्या: बिकाऊ. २०० गज पूर्वमुखी. जेडीए पट्टा. आणि फोन.

चौथी पायरी: मांडणी

४ फूट रुंद आणि ३ फूट उंच पाटी धरू. इंचांत ४८ बाय ३६. चारही बाजूंनी तीन-तीन इंच मोकळे. वरून खाली हिशेब असा लागला:

'बिकाऊ' ८ इंच अक्षर, वर वेलांटीला आणि हवेला मिळून अडीच इंच, एकूण साडेदहा. '२०० गज पूर्वमुखी' ५ इंच अक्षर, वर रफाराला दीड, खाली दीर्घ उकाराला दीड, एकूण आठ. 'जेडीए पट्टा' साडेतीन इंच अक्षर, वर दीड, खाली लटकणाऱ्या ट्ट साठी एक, एकूण सहा. मग दीड इंच मोकळे. फोनचे आकडे ४ इंच. वर-खालचा समास धरून बरोबर ३६.

पहिली ओळ लांबून थांबवण्यासाठी. बाकीच्या ओळी गाडी हळू झाल्यावर वाचण्यासाठी. सगळ्या ओळी एकाच उंचीच्या केल्या तर लांबून एकही वाचता येत नाही, आणि माझ्या पहिल्या पाटीचा खरा दोष हाच होता.

फोनचे दहा आकडे पाच-पाच असे तोडून, मध्ये आकड्याएवढी जागा सोडून लिहावेत. मोबाइलच्या कळांवर असतात तेच आंतरराष्ट्रीय अंक वापरावेत. मला देवनागरी अंक प्रिय आहेत, पण ५, ८ आणि ९ यांची मराठी आणि हिंदी वळणं थोडी वेगळी आहेत आणि एक आकडा चुकला की सगळी पाटी वाया. नंबर एकच द्यावा. दोन दिले की माणूस एकही लक्षात ठेवत नाही.

अक्षराचं वळण हिंदीचंच ठेवा. मराठी फाँटमधला आपला ल आणि श तिथल्या वाचकाला क्षणभर अडवतो. अक्षराच्या रेघेची जाडी उंचीच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास असावी. जास्त जाड केली तर पोटातली पोकळी बुजते: भ आणि म, घ आणि ध एकमेकांसारखे दिसायला लागतात. ब च्या पोटातली तिरकी रेघ भरली की 'बिकाऊ'चा थेट 'विकाऊ' होतो.

आता चाचणी, आणि ही मुळीच टाळू नका. पाटीचा आराखडा दहापट लहान, म्हणजे साधारण १२ बाय ९ सेंटिमीटर, कागदावर काढा. तो भिंतीला चिकटवून अडीच मीटरवर उभे राहा. पंचवीस मीटरवरून पाटी डोळ्याला जेवढी दिसेल तेवढाच तो कागद आत्ता दिसतो आहे. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला, ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही, दोन सेकंद दाखवा आणि काय वाचलं ते विचारा. माझ्या अकरा ओळींच्या पाटीवर मी हा प्रयोग नंतर केला. काकूंना त्यातला एकही शब्द सांगता आला नाही.

पाचवी पायरी: रंग

एक सकाळ जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे जुन्या तटबंद शहरात, घालवा. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीसाठी सवाई रामसिंगांनी रंगवून घेतलेलं हे शहर २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. जौहरी बाजार, बापू बाजार इथे दुकानांची नावं कमानींवरच्या पांढऱ्या पट्ट्यात काळ्या अक्षरांत एकसारखी लिहिलेली असतात. सराफ असो की रजया विकणारा, पट्टा तेवढाच. गेरूच्या त्या भिंतीवर तुम्ही पन्नास पावलांवरून नाव वाचू शकता. याहून चांगला रंगाचा धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. (परकोट्यातली मालमत्ता विकायची असेल तर दर्शनी भिंतीवर स्वतंत्र पाटी मुळीच लावू नका. त्या भिंतीचं साधेपण सगळ्या शहराचं आहे. दाराच्या आत छोटा फलक आणि बाजारातल्या चार माणसांच्या कानावर घातलेली गोष्ट पुरते.)

बाहेरच्या वसाहतींतही पांढऱ्यावर काळा किंवा पिवळ्यावर काळा हेच रंग चालतात. लाल मोह घालतो, पण लाल उन्हात सगळ्यात आधी उडतो. छापील फ्लेक्समधले लाल-पिवळे रंग गेले की निळसर भुतासारखा मजकूर उरतो. जयपूरच्या उन्हात दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या पाटीचं हे फार लवकर होतं. धूळही लक्षात घ्या: फिकट पिवळी पाटी आंधीनंतर मागच्या मातीत मिसळून जाते, पांढरी धुतली की पुन्हा उजळते.

सहावी पायरी: पत्रा आणि रंगकाम

फ्लेक्स स्वस्त आहे, पण तो शिडासारखा फुगतो आणि कडीपाशी फाटतो. शिवाय १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. विक्री सहा महिने चालेल असं धरून मी पत्राच सुचवेन. एसीपीवर, म्हणजे अॅल्युमिनियमच्या कंपोझिट पॅनेलवर, व्हिनाइल लावलेली पाटीही चालते, मात्र उन्हात व्हिनाइलच्या कडा उचलतात आणि दुरुस्ती तिथल्या तिथे होत नाही. रंगवलेल्या पत्र्यावर चुकलेला आकडा पाच मिनिटांत सुधारता येतो.

२२ गेजचा ८ बाय ४ फुटांचा एक जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा घ्या. त्यातून ४ बाय ३ च्या दोन पाट्या निघतात आणि ४ बाय २ चा तुकडा उरतो. दोन पाट्या का, ते पुढच्या पायरीत. कडा दुमडून घ्या, मागे अँगलची चौकट रिव्हेटने जोडा.

नव्या जीआयवर रंग धरत नाही. त्याच्यावर कारखान्यातलं तेल असतं आणि खालचा जस्ताचा थर गुळगुळीत असतो. साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवा आणि मग वॉश प्रायमर लावा. दुकानदार रेड ऑक्साइड देऊ करेल; तो लोखंडी अँगलसाठी ठीक, जीआयवर थेट लावला तर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटतात. प्रायमर वाळल्यावर पांढऱ्या इनॅमलचे दोन हात, मध्ये एक दिवस.

मग खडू लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून सोडायची. देवनागरीत प्रत्येक ओळीला दोन रेघा: शिरोरेषेची आणि तळाची. उस्ताद आधी सगळ्या ओळींच्या शिरोरेषा मारून घेत, मग पेन्सिलीने अक्षरं खाली लटकवत, आणि शब्द मध्यावर आणण्यासाठी शेवटच्या अक्षराकडून मागे मोजत येत. काळा इनॅमल सावलीत लावावा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ब्रश ओढला की रंग ब्रशखालीच आवळतो आणि कड करवतीसारखी होते. म्हणून उन्हाळ्यात उस्ताद हे काम सकाळी आठच्या आत संपवायचे. रस्त्यावर दिवे कमी असतील तर पहिल्या शब्दाभोवती रिफ्लेक्टिव्ह पट्टी चिकटवावी. हेडलाइट पडला की चौकट उजळते.

सातवी पायरी: उभारणी

रस्त्याला समांतर लावलेली पाटी जाणाऱ्याला तिरकी दिसते. नजर आणि पाटी यांच्यात ३० अंशांचा कोन असेल तर तिची रुंदी डोळ्याला निम्मीच उरते, अक्षरं चेपतात. म्हणून दोन पाट्या अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारख्या, कणा रस्त्याकडे करून उभ्या करायच्या. येणाऱ्याला एक दिसते, जाणाऱ्याला दुसरी.

पाटीची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, म्हणजे भिंत आणि गवत आडवं येत नाही, आणि वरची कड सात फुटांवर येते. त्यासाठी नऊ फुटी खांब लागतो, कारण दोन फूट जमिनीत काँक्रीटमध्ये गाडायचा आहे. वाऱ्याला कमी लेखू नका. ताशी १०० किलोमीटरचा वारा ४ बाय ३ च्या एका पाटीवर पन्नास-साठ किलोंचा जोर लावतो, आणि तो जमिनीपासून साडेपाच फुटांवर. ५० मिलिमीटरचा अँगल आणि मागून तिरके टेकू असतील तर आंधीतही पाटी जागची हलत नाही. सुटलेला पत्रा रस्त्यावरच्या माणसाचा जीव घेऊ शकतो, म्हणून बोल्ट दुहेरी नटांचे घ्या आणि प्रत्येक वादळानंतर कुणाला तरी हाताने हलवून पाहायला सांगा.

खांब आपल्या हद्दीतच हवेत, रस्त्याच्या जागेत एक इंचही नाही. विजेच्या खांबावर, दुभाजकावर, सार्वजनिक भिंतीवर पाटी लावणं राजस्थानच्या २००६च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यात अडकतं. महाराष्ट्रात असाच कायदा १९९५ पासून आहे. आणि झाडाला खिळा ठोकू नका.

आठवी पायरी: फोन

पाटी उभी राहिली की तिच्यावरचा फोन उचलणारा माणूस ठरवा. सकाळी साडेआठ ते रात्री नऊ. चुकलेल्या फोनला त्याच दिवशी उलट फोन. एक वही ठेवा: तारीख, काय विचारलं, कुठून वाचलं. एकच प्रश्न पुन:पुन्हा येत असेल तर त्याचं उत्तर पाटीवर जायला हवं. आमच्या पाटीवर 'जेडीए पट्टा' ही ओळ अशीच आली. सुरुवातीला तिथे रस्त्याची रुंदी होती. पहिल्या आठवड्यात चार फोन आले आणि चौघांनीही विचारलं, "पट्टा किसका है, सोसायटी का या जेडीए का?" उस्तादांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ओळ बदलली.

मालकाचं पूर्ण नाव, पट्ट्याचा क्रमांक, मालक परगावी आहेत ही माहिती, यातलं काहीच पाटीवर नको आणि अनोळखी फोनवरही नको. रिकामा प्लॉट आणि दूरचा मालक ही जोडी बनावट कागद करणाऱ्यांना हवीच असते. कागद प्रत्यक्ष भेटीत दाखवावेत, छायाप्रती फोनवरून पाठवू नयेत. 'बयाना (विसार) पाठवतो, हा कोड स्कॅन करा' असा फोन आला तर तिथेच थांबा: यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही.

दर पंधरा दिवसांनी पाटी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि आतलं गवत कापून घ्यावं. झुडपांत हरवलेली पाटी मालकाचं लक्ष नाही एवढंच सांगते, आणि घासाघीस तिथूनच सुरू होते.

नववी पायरी: उतरवणं

बयाना घेतल्यावर नव्हे, दस्त नोंदला गेल्यावर पाटी उतरवा, पण मग त्याच आठवड्यात उतरवा. नंबरवर आधी रंगाचा हात मारा, नाहीतर दोन वर्षांनीही फोन येत राहतात. खांब मुळासकट काढा आणि खड्डे मातीने बुजवून चोपून घ्या. नव्या मालकाची मुलं तिथे खेळणार असतात. आमच्या दोन्ही पाट्या उस्तादांनीच नेल्या. पत्रा शाबूत होता. त्यांच्या दुकानापुढच्या ओट्यावर त्यांनी त्या आडव्या टाकल्या, वर पांढरा हात दिला, आणि वाळेपर्यंत दुसऱ्या कुणाला तरी विचारत बसले, "सड़क कितने फुट की है?"